जुनी एमजी किंवा ट्रायम्फ दुरुस्तीसाठी घेताय? आधी कागद बघा, मग गंज

ब्रिटनमध्ये राहून एखादी बंद पडलेली एमजी मिजेट, एमजीबी किंवा ट्रायम्फ स्पिटफायर स्वस्तात घ्यायची आणि सवडीने स्वतः उभी करायची, असा बेत असेल तर हे पैसे देण्याआधी वाचा. या तिन्ही छोट्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांचं उत्पादन १९८० पर्यंत संपलं, पण सुटे भाग आजही मिळतात. एमजीबीचा अख्खा नवा बॉडीशेलसुद्धा मिळतो. त्यामुळे सडलेले सिल (दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्या) किंवा जाम झालेलं इंजिन हे निस्तरता येतं, पैसे लागतात एवढंच. लोक अडकतात ते कागदांवर, आणि तेही गाडी दारात येऊन पडल्यावर.

लॉगबुक, म्हणजे व्ही५सी

आपल्याकडच्या आरसी बुकाच्या सवयीने बरेच जण व्ही५सीला मालकीचा पुरावा समजतात. तो तसा नाही, आणि त्याच कागदावर तसं छापलेलंही आहे. त्यावरचं नाव नोंदणीकृत कीपरचं असतं: दंडाची पत्रं ज्याच्या पत्त्यावर जायची तो माणूस. तुमचा खरा पुरावा म्हणजे पावती. तिच्यावर विकणाऱ्याचं नाव-पत्ता, तारीख, रक्कम, नोंदणी क्रमांक, चासी नंबर आणि दोघांच्या सह्या हव्यात. ओळखीतली गाडी आहे म्हणून हे सोडू नका.

गॅरेजमध्ये वर्षानुवर्षं पडलेली गाडी बहुतेक वेळा मुलगा किंवा पुतण्या विकत असतो. लॉगबुक वडिलांच्या नावाचं, आणि तेही सापडत नाही. “नवीन मागवा, सोपं आहे,” असं तो सांगतो. व्ही६२ फॉर्म आणि २५ पौंड पाठवून तुम्ही अर्ज करू शकता हे खरं. जुन्या लॉगबुकाची नव्या कीपरसाठीची हिरवी चिठ्ठी हातात असेल तर शुल्कही लागत नाही. पण हे सगळं सोपं कधी? डीव्हीएलए, म्हणजे स्वान्सीचं वाहन-नोंदणी खातं, त्याच्या संगणकात त्या गाडीची नोंद असेल तेव्हाच.

ती आहे का हे सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून फुकट कळतं. एका मिनिटाचं काम, पण करत कोणी नाही. जुन्या कागदी नोंदी संगणकावर चढवण्याची मुदत १९८३ मध्ये संपली. त्याआधीच रस्त्यावरून बाजूला झालेल्या कितीतरी गाड्या त्यात आल्याच नाहीत. अशा गाडीसाठी व्ही६२ पाठवून उपयोग नाही. तिथे व्ही७६५ हा अर्ज लागतो, सोबत व्ही५५/५ हा नोंदणीचा फॉर्म, आणि मान्यताप्राप्त मालक-क्लबची शिफारस. क्लब विचारतो तो पुरावा: हाच नंबर आणि हाच चासी नंबर एकत्र दाखवणारा त्या काळचा कागद, जसं जुनं लॉगबुक. नेमका तोच कोणाकडे नसतो. नुसती जुनी नंबर प्लेट किंवा आजोबांचा गाडीबरोबरचा फोटो चालत नाही. पुरावा मिळालाच नाही तर गाडीच्या वयानुसार दुसरा नंबर मिळतो, आणि वयही सिद्ध झालं नाही तर क्यू अक्षराचा. “या नंबरचेच हजार पौंड येतील” असं विकणारा म्हणाला तर लक्षात ठेवा, व्ही७६५ने परत मिळालेला नंबर दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही, म्हणजे विकताही येत नाही.

गाडी कोणत्या साली बनली हे दाखवायला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमचं हेरिटेज सर्टिफिकेट उपयोगी पडतं. ते कारखान्याच्या नोंदींवरून देतात. गाडीवरची चासी नंबरची पट्टी मात्र स्वतः वाकून वाचा. ती लॉगबुकाशी जुळत नसेल किंवा तिचे रिव्हेट कालच मारल्यासारखे चकचकीत दिसत असतील, तर किंमत कितीही कमी असो, घरी परत या.

सॉर्न: सगळ्यात जास्त दंड इथे बसतो

गाडी रस्त्यावर चालवणार नाही, असं सरकारला कळवणं म्हणजे सॉर्न. विकणाऱ्याने केलेला सॉर्न तुमच्याकडे येत नाही, त्याने भरलेला टॅक्सही येत नाही. गाडी घेतल्याबरोबर तुम्हालाच कळवावं लागतं. ऑनलाइन जमत नसेल तर व्ही८९० फॉर्म पोस्टाने पाठवा. “ही तर १९९८च्या आधीपासून बंद आहे, हिला सॉर्न लागतच नाही,” हेही ऐकाल. ती सवलत गाडी त्याच कीपरकडे असेपर्यंतच. हात बदलला की संपली.

शिवाय सॉर्न केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. स्वतःचा ड्राइव्हवे नसेल, लंडनच्या फ्लॅटमध्ये राहत असाल, तर आधी गॅरेज भाड्याने घ्या. ती चालवायची मुभा फक्त आधी ठरवलेल्या एमओटी चाचणीला, म्हणजे गाडी रस्त्यालायक आहे का याच्या वार्षिक तपासणीला, जाण्यायेण्यापुरती. एरवी दंड २,५०० पौंडांपर्यंत.

टॅक्स माफ, एमओटी माफ, पण आपोआप नाही

४० वर्षांहून जुन्या गाडीला रोड टॅक्स शून्य. यासाठी आधी तिचा वर्ग ‘हिस्टॉरिक’ करून घ्यावा लागतो: टॅक्सचं काम करणारं पोस्ट ऑफिस, तुमच्या नावाचं लॉगबुक, व्ही१० फॉर्म. आणि त्यानंतरही शून्य पौंडांचा टॅक्स दरवर्षी ‘भरावा’ लागतो. शून्य भरायला अर्ज कशाला, हे मला विचारू नका. अर्ज न करणाऱ्याला पत्र येतं एवढं खरं.

एमओटीची सूट २०१८ पासून याच वयाला आहे, पण अट अशी की गेल्या ३० वर्षांत गाडीत मोठा बदल झालेला नसावा. व्ही११२ फॉर्मवर तसं लिहून द्यावं लागतं. एमजीबीत मागाहून रोव्हरचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन बसवलेलं असेल तर ही सही करण्याआधी थांबा. व्ही८ एमजीबी कारखान्यातूनही निघाल्या, १९७३ ते १९७६ दरम्यान, पण तुमची त्यातली आहे का हे कागदाने दाखवावं लागेल. सूट मिळाली तरी पहिल्यांदा रस्त्यावर काढण्याआधी एमओटी करूनच घ्या. ब्रेक तुम्ही स्वतः जोडलेले आहेत, दुसऱ्या कोणीतरी ते बघायलाच हवेत.

विमा नेहमीसारखाच, फक्त ‘अ‍ॅग्रीड व्हॅल्यू’ (गाडीची आधीच ठरवून घेतलेली किंमत) मागा आणि काम चालू असतानाचे फोटो जपून ठेवा.

अमेरिकेतून परत आलेली डाव्या स्टिअरिंगची गाडी गंजाच्या बाबतीत बरी असते. मात्र तिची नोव्हा नोंद, म्हणजे बाहेरून आणलेल्या गाडीची कर खात्याला दिलेली सूचना, गाडी देशात आल्यापासून १४ दिवसांत व्हावी लागते. अनेक जण हे दिवस गाडी घरी पोचल्यापासून मोजतात. विकणाऱ्याकडे त्या नोंदीचा कागद नसेल तर नोंदणी तिथेच थांबते.

तुमचं लायसन्स

भारतीय लायसन्सवर इथले रहिवासी झाल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. सुट्टीला पुण्याला जाऊन आलात म्हणून हे महिने नव्याने सुरू होत नाहीत. आणि इथली परीक्षा लवकर सुटावी म्हणून ऑटोमॅटिकवर दिली असेल, तर मिजेट आणि स्पिटफायर तुम्हाला चालवताच येणार नाहीत. दोन्ही मॅन्युअलच आहेत. मॅन्युअलची परीक्षा पुन्हा द्यावी लागते आणि तिची तारीख लवकर मिळत नाही, म्हणून इंजिन खाली उतरवलेलं असतानाच ती घेऊन ठेवा.