क्रूझ कंट्रोल आणि स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक : सातारा परिसरातील वापर

ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीचा वेग चालकाने ठरवलेल्या आकड्यावर राखणारी यंत्रणा म्हणजे क्रूझ कंट्रोल. लहानपणीच दृष्टी गेलेले अमेरिकी अभियंते राल्फ टीटर यांना तिचे पेटंट १९५० साली मिळाले आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ती प्रथम बसवली गेली. साधे क्रूझ फक्त वेग धरते, पुढे काय आहे हे त्याला दिसत नाही. ॲडाप्टिव्ह क्रूझ रडार किंवा कॅमेऱ्याने पुढच्या गाडीचे अंतर मोजून वेग कमी-जास्त करते. स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक (एईबी) ही यंत्रणा वेगळी आहे. धडक जवळ आल्याचे दिसले की ती आधी आवाज व दिवा देते आणि चालक हलला नाही तर स्वतः ब्रेक लावते. क्रूझ रोज वापरायचे असते, एईबी कधीच लागू नये अशा बेताने गाडी चालवायची असते.

स्टिअरिंगवरचे क्रूझचे बटण दाबून यंत्रणा चालू करावी, हवा तो वेग आला की ‘सेट’ दाबावे. बहुतेक गाड्यांत ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या खाली ते लागत नाही. ब्रेक दाबताच क्रूझ सुटते. साधे क्रूझ असलेल्या मॅन्युअल गाडीत क्लच दाबल्यावरही सुटते. ‘रिझ्यूम’ बटण मात्र जपून वापरावे. आनेवाडी किंवा तासवडे टोलनाका ओलांडून ते दाबले, तर गाडी आधीचा ९०-१०० चा वेग गाठायला निघते आणि समोर वाहने अजून पट्ट्यांत शिरत असतात. नाक्यानंतर वेग पायाने वाढवून नव्याने ‘सेट’ करणे चांगले. क्रूझ चालू असताना उजवा पाय मांडी घालून आत ओढू नये, तो ब्रेकजवळच असावा.

जिल्ह्यात क्रूझला योग्य रस्ता म्हणजे पुणे-बेंगळुरू महामार्गाचे सरळ, मोकळे टप्पे, तेही कोरड्या दिवसाउजेडी. वेग फलकावरच्या मर्यादेत ठेवावा आणि ॲडाप्टिव्हचे अंतर सर्वांत मोठ्या टप्प्यावर. मधे दुचाकी घुसतात म्हणून लोक ते कमी करतात, पण तीच घुसणारी दुचाकी हे अंतर मोठे ठेवण्याचे खरे कारण आहे.

खंबाटकी घाट लागण्याआधी क्रूझ बंद करावे. चढावर मॅन्युअल गाडी वरच्या गिअरमध्ये वेग धरू पाहते आणि इंजिन दमते. उतारावर बऱ्याच गाड्यांचे साधे क्रूझ ब्रेक लावत नाही, त्यामुळे वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर जातो. जुन्या बोगद्यातून पुण्याच्या बाजूला बाहेर पडल्यावर उतार आणि पुढचे अपघातप्रवण एस-वळण लागोपाठ येतात, तिथे हा वाढीव वेग घातक ठरतो. वळणावर ॲडाप्टिव्हचाही घोळ होतो. पुढची गाडी रडारच्या पट्ट्याबाहेर जाते, यंत्रणेला रस्ता मोकळा वाटतो आणि ती वेग वाढवते. पसरणी घाट आणि कासचा रस्ता यांवर क्रूझचा विचारही करू नये. मुसळधार पावसातही नको. साचलेल्या पाण्यावर चाके तरंगू लागली की पाय लगेच उचलावा लागतो, क्रूझ मात्र वेग धरून ठेवू पाहते.

इथला सर्वांत मोठा धोका ऊसहंगामाचा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. ट्रॅक्टरमागच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या २० ने चालल्या असतील, तर ७५ मीटरचे अंतर चार सेकंदांच्या आत संपते. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर उसाखाली झाकलेला असतो आणि मोळ्यांची टोके चौकटीबाहेर लोंबत असतात. कॅमेरा गाडीचा मागचा आकार ओळखायला शिकलेला असतो, उसाचा ढीग त्या आकारात बसत नाही. रडारला लोखंडी सांगाडा दिसला तरी अंतर तिथपर्यंतचे मोजले जाऊ शकते, बाहेर आलेल्या उसापर्यंतचे नाही. पंक्चर होऊन उभी असलेली ट्रॉली आणखी वाईट. कमान, फलक, कठडा यांच्यापासून उगाच ब्रेक लागू नये म्हणून अनेक ॲडाप्टिव्ह यंत्रणा भर वेगात स्थिर वस्तूंकडे दुर्लक्ष करतात. ९० वरून कोरड्या रस्त्यावर थांबायला, भान यायला लागणारा दीड सेकंद धरून, ८० मीटरच्या आसपास जागा लागते. डिपरचा उजेड साधारण ५०-६० मीटरच पोचतो. म्हणून हंगामात रात्री क्रूझ लावूच नये. हिवाळी पहाटे कृष्णाकाठच्या धुक्यातही हेच लागू.

एईबी मात्र कायम चालू ठेवावी. सातारा शहरात ती वारंवार किंचाळते म्हणून बंद करणारे पुष्कळ आहेत. त्याऐवजी मेनूत जाऊन इशाऱ्याची संवेदनशीलता एक पायरी उतरवावी. फाट्यावर उलट्या बाजूने येणारी किंवा आडवी घुसणारी दुचाकी तिला वेळेत ओळखू येईलच असे नाही. कमी वेगात ती धडक टाळू शकते, जास्त वेगात बहुधा फक्त धडकेचा जोर कमी करते. ब्रेक लागत असताना घाबरून ॲक्सिलरेटर जोरात दाबला, तर चालकालाच पुढे जायचे आहे असे समजून अनेक गाड्या ब्रेक सोडतात. गाडी पूर्ण थांबल्यावरही काही मॉडेलांत ब्रेक थोड्याच वेळात सुटतो, तेव्हा ब्रेकवर पाय लगेच यायला हवा. पुठ्ठ्याचा खोका समोर ठेवून एईबीची परीक्षा घेऊ नये. खोक्याला ब्रेक लागला नाही म्हणून यंत्रणा बिघडलेली नसते आणि लागला म्हणून ती खात्रीची ठरत नाही.

पावसाळ्यात रडारच्या झाकणावर चिखल बसतो, कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर किडे चिकटतात. डॅशबोर्डवर सेन्सर झाकल्याचा संदेश आला, की थांबून ओल्या मऊ फडक्याने दोन्ही पुसावे. रडारसमोर जादा नंबरप्लेट, स्टिकर किंवा लोखंडी गार्ड लावू नये. डेंटिंग-पेंटिंग करताना त्या भागावर पुटी किंवा धातूचा अंश असलेल्या रंगाचे जाड थर चढले तर लहरी अडतात, म्हणून रडार कुठे आहे हे मेस्त्रीला आधीच दाखवावे. पुढची काच बदलली किंवा बंपर काढून बसवला, तर कॅमेरा-रडारचे कॅलिब्रेशन करून घ्यावे. कोन एका अंशाने चुकला, तर १०० मीटरवर नजर जवळपास पावणेदोन मीटर बाजूला जाते आणि गाडी शेजारच्या पट्ट्यातल्या ट्रकसाठी ब्रेक लावू शकते.