बचत गटातला हिशेबाचा पाठ : पार्श्वभूमी

वही लिहिणं, व्याज काढणं, बँकेचे कागद समजून घेणं असं जे प्रशिक्षण आज गावोगावच्या बचत गटांना मोफत मिळतं, त्याचं मूळ बचतीच्या आधीचं आहे. ते प्रौढ साक्षरतेच्या वर्गांत सापडतं.

1959मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर गेली. रात्रीचे वर्ग, काही महिन्यांचा अभ्यास आणि गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ, असा तिचा शिरस्ता होता. उत्साह दांडगा होता, पण समारंभ आटोपला की शिकलेली अक्षरं वापरायची कुठे, याला फारसं उत्तर नव्हतं. वापर नसेल तर नवसाक्षर पुन्हा निरक्षर होतो, आणि तसंच झालं. मुंबईत 1967मध्ये निघालेल्या श्रमिक विद्यापीठाने मात्र कामगाराच्या रोजच्या गरजेपासून सुरुवात केली. आज जन शिक्षण संस्थान म्हणतात ते हेच. 2 ऑक्टोबर 1978ला देशभर सुरू झालेल्या प्रौढ शिक्षण कार्यक्रमातही ‘व्यवहारोपयोगी’ हा शब्द होता, तरी वर्गात भर राहिला तो बाराखडीवरच.

अक्षरांना रोजचं काम मिळालं ते बचत गटांमुळे. कर्नाटकात मायराडा आणि पुणे जिल्ह्यात राजगुरुनगरची चैतन्य यांसारख्या संस्था 1980च्या दशकातच असे गट बांधत होत्या. 1992मध्ये नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, 500 गट बँकांना जोडण्याचा प्रायोगिक कार्यक्रम घेतला आणि चित्र बदललं. तारण नसलेल्या बायकांना कर्ज देताना बँक पाहणार काय? बैठकीची हजेरी, बचत आणि परतफेड, म्हणजे अखेर वहीच. त्यामुळे वही लिहिता येणं ही गटाची पत झाली. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि हिशेब लेखन ही पंचसूत्री त्यातूनच रुळली. गटात 10 ते 20 जणी असतात. वीसची मर्यादा जुन्या कंपनी कायद्यातून आली, कारण त्याहून मोठ्या गटाला नोंदणी सक्तीची होती.

पाठ खरा कसोटीला लागतो तो रोख मेळात, म्हणजे जमा-खर्चाचा हिशेब पेटीतल्या रकमेशी जुळवताना. समजा, मागची शिल्लक 640 रुपये. 12 जणींची प्रत्येकी 100 प्रमाणे बचत 1,200, मुद्दल परत आलं 1,500 आणि व्याज 180. एकूण 3,520. त्यातून 3,000 कर्ज दिलं, 30 रुपयांची वही आणली. पेटीत 490 हवेत. पैसे सगळ्यांदेखत मोजायचे, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मगच सह्या-अंगठे. चूक बहुधा बेरजेत नसते. सचिव घरी जाऊन ‘सावकाश’ वही लिहिते तिथे ती शिरते, किंवा मुद्दल आणि व्याज एकाच रकान्यात घातलं जातं तिथे. मग महिनाभराने कोणाकडे किती बाकी, हे कोणालाच सांगता येत नाही. खाडाखोड करण्यापेक्षा चुकीवर एकच रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहावा आणि सही घ्यावी.

व्याजाचं गणितही चिंचोके मांडून शिकवता येतं. 5,000 रुपये, महिना 2 टक्के, दरमहा 500 मुद्दल फेड. शिल्लक मुद्दलावर व्याज धरलं तर 100, 90, 80 असं उतरत दहा महिन्यांत 550 होतात. मूळ रकमेवरच धरत राहिलं तर 1,000. हा फरक एकदा डोळ्यांसमोर मांडला की बाई सावकाराला आणि फायनान्सवाल्यालाही नेमका प्रश्न विचारते.

24 फेब्रुवारी 1975ला स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे माविमने, पुढे लोकसंचालित साधन केंद्रं, म्हणजे गटांनी मिळून चालवायची मदत केंद्रं, उभी केली आणि शिकवण्याचं काम गावातल्याच बायकांकडे सरकलं. 2011नंतर ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात वर्धिनी, म्हणजे गटांतल्याच अनुभवी बायका, एका गावातून दुसऱ्या गावात जाऊन गट बांधू लागल्या. स्वतः कर्ज घेऊन फेडलेल्या बाईचं बोलणं अधिकाऱ्याच्या भाषणापेक्षा लवकर पटतं, यात नवल नाही. याच काळात आणखी पाच सूत्रं जोडून पंचसूत्रीची दशसूत्री झाली: आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग, शासकीय योजना आणि शाश्वत उपजीविका. हिशेबाच्या वहीला धरून जीवनकौशल्यांचा सगळा पसारा आत आला. हेतू चांगला, पण तासाभराच्या बैठकीत दहा विषय कोंबले की पहिला कात्रीत सापडतो तो हिशेबच.

‘मोफत’ हेही पुरतं खरं नाही. फी नसली तरी दुपारचं प्रशिक्षण म्हणजे बाईची बुडालेली मजुरी. म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या दिवसभराच्या शिबिराला बहुधा अध्यक्ष-सचिवच जातात आणि बाकीच्या जणी तशाच राहतात. त्यापेक्षा दर बैठकीत दहा मिनिटं, आळीपाळीने वेगळ्या सदस्येकडून वही वाचून घेणं अधिक टिकतं. 2022पासूनच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे ‘उल्लास’मध्ये, आर्थिक आणि डिजिटल साक्षरता जीवनकौशल्यांत मोडते. त्याची चाचणी मात्र वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांना प्रत्येकी 50 अशी 150 गुणांची असते. रोख मेळ घालता येतो का, हे अजून गटाच्या बैठकीतच तपासावं लागतं.