फाटलेलं वस्त्र आणि दोन काठ्या

शलमोन राजाच्या उतारवयातली गोष्ट. यरुशलेमबाहेरच्या रस्त्यावर अहीया नावाचा संदेष्टा यराबामाला गाठतो. यराबाम शलमोनाच्याच चाकरीतला, योसेफाच्या घराण्याकडून वेठबिगार करवून घेणारा मुकादम. रानात दोघांशिवाय कुणी नाही. कोरं वस्त्र टराटरा फाडून अहीया त्याचे बारा तुकडे करतो आणि म्हणतो, यातले दहा तू घे.

‘विखुरलेले वंश पुन्हा एक होतील’ हे बायबलमधलं भाकीत समजून घ्यायचं तर आधी हे फाडणं पाहावं लागतं. बारा तुकडे म्हणजे इस्राएलचे बारा वंश. पुढे साडेतीनेकशे वर्षांनी दुसरा एक संदेष्टा, यहेज्केल, दोन काठ्या हातात घेऊन त्या एकत्र धरतो, तो याच फाटाफुटीला टाका घालायला.

फूट पडली ती साधारण इ.स.पू. ९३० च्या सुमाराला. शलमोनाचा मुलगा रहबाम राज्याभिषेकासाठी शखेमला गेला. तिथे उत्तरेकडच्या लोकांनी एकच मागणं केलं: तुझ्या बापाने लादलेलं ओझं हलकं कर. म्हाताऱ्या सल्लागारांनी सांगितलं, गोड बोल. बरोबरीच्या पोरांनी सांगितलं, दम दे. रहबामाने पोरांचं ऐकलं. ‘माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे’ हा त्याला पढवलेला डायलॉग. उत्तरेचे वंश उठून गेले. तेव्हापासून उत्तरेला इस्राएल, म्हणजेच एफ्राइम, आणि दक्षिणेला यहूदा अशी दोन राज्यं. (बारातून दहा गेले की दोन उरायला हवेत, पण मजकूर म्हणतो, शलमोनाच्या मुलाकडे एकच राहील. या वजाबाकीवर भाष्यकारांनी पुष्कळ डोकं खाजवलं आहे.)

थोडक्यात, हे भांडण वेठबिगारीचं आणि कराचं होतं. ‘दहा हरवलेले वंश’ म्हटलं की धुक्यातले काफिले डोळ्यांपुढे येतात, पण मुळात हा एका घराण्याच्या दोन पात्यांमधला वाटण्यांचा वाद आहे.

उत्तरेचं राज्य दोनशे वर्षं टिकलं. मेसोपोटेमियातल्या अश्शूर साम्राज्याचा राजा तिग्लथ-पिलेसर याने इ.स.पू. ७३३-७३२ मध्ये गालील आणि गिलाद तोडून घेतले, आणि ७२२ च्या सुमाराला राजधानी शोमरोन पडली. अश्शूरचाच राजा सर्गोन दुसरा याच्या शिलालेखात शोमरोनहून नेलेल्या लोकांचा आकडा आहे: २७,२९०. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात त्यांची ठिकाणं आहेत: हलह, गोजानातली हाबोर नदी आणि मेदी लोकांची नगरं. हाबोर म्हणजे आजच्या सीरियातली खाबूर.

म्हणजे लोक अंतर्धान पावले नव्हते, अश्शूरच्या दफ्तरात त्यांची नोंद होती. अश्शूरची जुनी राजधानी निमरुद इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर घोडदळाच्या याद्या आहेत. त्यांत शोमरोनच्या पथकातले तेरा अधिकारी नावानिशी आहेत आणि काही नावांना इस्राएलच्या देवाचं नाव अजून लटकलेलं आहे. राज्य बुडवणाऱ्याच्याच लष्करात नोकरी! पोट कुणाला चुकलं आहे?

सगळे नेलेही गेले नव्हते. पुष्कळ जण मागेच राहिले, काही दक्षिणेला पळाले. त्याच काळात यरुशलेम भराभर फुगलं. तिथे उत्खननात सापडलेली सात मीटर रुंदीची तटबंदी त्या वाढलेल्या वस्तीसाठी असावी, असं अनेक पुरातत्त्वज्ञ मानतात. यहूदाचा राजा हिज्कीया वल्हांडणाच्या सणासाठी उत्तरेच्या एफ्राइम आणि मनश्शे यांना आवतण धाडतो. अगदी नव्या करारातही हन्ना नावाच्या वृद्धेचा वंश आशेर सांगितला आहे, आणि आशेर तर ‘हरवलेल्यां’पैकी! तेव्हा ‘हरवले’ हा शब्द जपूनच वापरावा. हरवलं ते राज्य. माणसं विरघळली.

भाकितं याच जखमेवर उगवली. होशेय या संदेष्ट्याने शोमरोन पडायच्या आधीच मुलांची नावं ‘दया न पावलेली’ आणि ‘माझे लोक नव्हेत’ अशी ठेवली, आणि लगेच सांगितलं की यहूदाचे आणि इस्राएलचे वंशज एकत्र येऊन एकच पुढारी निवडतील. यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात राहेल, म्हणजे योसेफाची आई आणि एफ्राइमाची आजी, रामा इथे मुलांसाठी रडते आणि देव एफ्राइमाला ‘माझा लाडका मुलगा’ म्हणतो. यशयाच्या ११ व्या अध्यायातलं वाक्य मला सगळ्यांत खरं वाटतं: एफ्राइम यहूदाचा मत्सर करणार नाही, यहूदा एफ्राइमाला छळणार नाही. भाऊबंदकी ज्याने जवळून पाहिली आहे, त्यालाच हे सुचावं.

आता यहेज्केल. हा याजकाच्या घरातला. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाच्या राजाला आणि प्रतिष्ठितांना बाबेलला नेलं, त्यांत हाही गेला. खबार कालव्याकाठी तेल-अबीब नावाच्या वस्तीत तो राहिला. (आजच्या तेल अवीव शहराने नाव घेतलं ते इथूनच, म्हणजे मुळात निर्वासितांच्या वसाहतीचं.) ५८६ मध्ये यरुशलेमचं मंदिर जळालं. म्हणजे उत्तर गेली, पाठोपाठ दक्षिणही गेली. ज्या भावाला दीडशे वर्षांपूर्वी हद्दपार होताना पाहिलं, त्याच्याच वाटेने आपणही आलो आहोत, ही जाणीव या ३७ व्या अध्यायाच्या तळाशी आहे.

अध्यायाचा पहिला भाग सुक्या हाडांच्या खोऱ्याचा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसऱ्या भागात देव सांगतो: एक काठी घे, तिच्यावर लिही ‘यहूदासाठी आणि त्याच्या सोबतच्या इस्राएल लोकांसाठी’. दुसरी घे, तिच्यावर लिही ‘योसेफासाठी, एफ्राइमाची काठी’. दोन्ही अशा धर की तुझ्या हातात एकच दिसेल. लोक विचारतील, हे काय? मग सांग: मी त्यांना राष्ट्रांमधून गोळा करीन, दोन राज्यं पुन्हा होणार नाहीत, आणि त्यांच्यावर एकच राजा असेल, दावीद.

इथे ‘काठी’साठी जो हिब्रू शब्द आहे, त्याचा साधा अर्थ लाकूड. ग्रीक भाषांतराने दंड केला, अरामी भाषांतराने पाटी. पाटीही अशक्य नाही, कारण मेण लावलेल्या, बिजागरीने जोडलेल्या लाकडी लेखनपाट्या मेसोपोटेमियात वापरात होत्या. निमरुदच्या एका विहिरीतून तशा निघाल्या आहेत. पण माझं मत काठीकडे झुकतं. वंश या अर्थाचे हिब्रूतले दोन्ही शब्द मुळात ‘दंड’ असेच आहेत. शिवाय गणनेच्या पुस्तकात मोशे बारा वंशांच्या बारा काठ्यांवर नावं लिहून त्या मंडपात ठेवतो आणि अहरोनाच्या काठीला पालवी फुटते. नाव लिहिलेली काठी म्हणजे कोण, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मॉर्मन पंथाने या दोन काठ्या म्हणजे दोन धर्मग्रंथ असा अर्थ लावला. यहेज्केलाच्या श्रोत्यांना तो सुचणं कठीण.

इराणच्या कोरेश राजाने बाबेल जिंकल्यावर इ.स.पू. ५३८ पासून लोक परतू लागले. परतणाऱ्यांत यहूदा, बन्यामीन आणि लेवी यांचीच नावं ठळक आहेत. पण एज्राच्या सहाव्या अध्यायात एक बारीक तपशील आहे. नव्या मंदिराच्या अर्पणविधीत सगळ्या इस्राएलासाठी पापार्पण म्हणून बारा बोकड दिले गेले, वंशांच्या संख्येइतके. दहा घरं रिकामी, तरी पानं बाराच मांडली.

पुढे वाट पाहण्याचं रूपांतर आख्यायिकेत झालं. मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात रब्बी (धर्मगुरू) अकिवा म्हणतात, गेलेला दिवस परत येत नाही, तसे ते वंश परतणार नाहीत. रब्बी एलिएझर उत्तर देतात, दिवस मावळतो तसा उजाडतोही. वाद तिथेच ठेवला आहे. दहा वंश संबत्योन नदीपलीकडे कोंडलेत, नदी सहा दिवस दगडगोटे फेकत वाहते आणि सातव्या दिवशी थांबते, अशी कथा पसरली. थांबते तेव्हाच ओलांडता येईल, पण सातवा दिवस म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा शनिवार, आणि त्या दिवशी प्रवास वर्ज्य! नवव्या शतकात एल्दाद नावाचा प्रवासी ‘मी दान वंशाचा’ म्हणत उत्तर आफ्रिकेतल्या कैरवानला उतरला. सतराव्या शतकात आम्स्टरडॅमचे रब्बी मनश्शे बेन इस्राएल यांनी तर हे भाकीत राजकारणात उतरवलं. ज्यू पृथ्वीच्या टोकापर्यंत विखुरल्याशिवाय एकत्रीकरण होणार नाही, तेव्हा इंग्लंडने त्यांना येऊ द्यावं, असा युक्तिवाद त्यांनी इंग्लंडचा तेव्हाचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या काळात मांडला.

शनिवारी थांबणाऱ्या नदीवरून आपल्या कोकणातला शनिवारी थांबणारा घाणा आठवतोच. अलिबागजवळच्या नवगावला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही बेने इस्राएल समाजाची परंपरा. तेल गाळायचं, शनिवारी घाणा बंद, म्हणून ‘शनवार तेली’. गावावरून आडनावं: पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. डेव्हिड रहाबी नावाच्या पाहुण्याने बायकांना मासे रांधायला दिले, तेव्हा त्यांनी खवले आणि पर नसलेले, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेले, मासे बाजूला काढले, आणि त्यावरून हे ज्यू आहेत हे त्याने ओळखलं, अशीही आठवण सांगतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईतले मिशनरी जॉन विल्सन यांना ‘बेने इस्राएल’ या नावातच दहा वंशांचा माग दिसला. हे लोक स्वतःला यहूदी न म्हणता इस्राएलची लेकरं म्हणवतात, म्हणजे यहूदाचे नव्हेत, असा तर्क. तर्क चतुर आहे, पुरावा तोकडा.

आणि एकत्र येणं काठ्या जोडण्याइतकं सोपं नसतं, हे याच समाजाने अनुभवलं. इस्राएलला गेल्यावर १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य रब्बी कार्यालयाने इतर ज्यूंशी लग्न करताना त्यांची वंशावळ मागे मागे तपासायचा आदेश काढला. धरणी, उपोषणं झाली. १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कुठे प्रश्न निवळला.

इथिओपियातल्या बेता इस्राएल समाजाला मात्र वंशाचं नाव कामी आलं. १९७३ मध्ये रब्बी ओव्हादिया योसेफ यांनी त्यांना दान वंशाचे ठरवलं, आणि १९९१ च्या मोहिमेत सुमारे १४,००० लोक दीड दिवसात विमानांनी नेले गेले. मणिपूर-मिझोराममधले बनेई मेनाशे जुन्या गीतांतल्या ‘मनमासी’ या पूर्वजात मनश्शे ओळखतात. २००५ मध्ये मुख्य रब्बींनी त्यांचा दावा मानला, तरी विधिवत धर्मांतराची अट राहिलीच. काही हजार जण आता तिकडे आहेत.

या सगळ्या शोधात एक छोटा समाज बाजूलाच राहिला. नाब्लुसजवळच्या गरिज्जीम डोंगरावर आणि तेल अवीवशेजारच्या होलोनमध्ये मिळून आठेकशे शोमरोनी राहतात. दरवर्षी वल्हांडणाला डोंगरावर खड्डे पेटवून ते कोकरांचा बळी देतात. आम्हीच एफ्राइम आणि मनश्शे, आम्ही कुठे गेलोच नव्हतो, असं त्यांचं म्हणणं. राजांचं पुस्तक त्यांना अश्शूरने बाहेरून आणून बसवलेल्यांची संतती ठरवतं, ते हे मान्य करत नाहीत. डोंगराच्या पायथ्याचं नाब्लुस म्हणजे जुनं शखेम, जिथे रहबामाने करंगळीचा दम दिला होता.