मूठ अजून आवळलेलीच

हातातच ग्रेनेड फुटला आणि एका सैनिकाचा हात गेला. जखम भरली, दुखणं राहिलं. दुखायचा तो नसलेला हात! ग्रेनेड फेकायच्या बेतात आवळलेली मूठ त्याला तशीच्या तशी जाणवायची. मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हे उदाहरण सांगितलं आहे.

या भासाला इंग्रजीत ‘फँटम लिंब’ (भासाचा अवयव) हे नाव १८७१ साली डॉ. सायलास वेअर मिचेल यांनी दिलं. अमेरिकी यादवी युद्धातले जखमी त्यांनी फिलाडेल्फियात तपासले होते. गंमत म्हणजे त्याआधी, १८६६ मध्ये, त्यांनी चारही हातपाय गमावलेल्या एका सैनिकाची ‘आत्मकथा’ निनावी छापली होती. ती काल्पनिक होती, पण वाचकांना खरी वाटली. काहींनी चक्क मदत पाठवली. खरे जखमी इस्पितळात पडून होते आणि पाझर फुटला तो कागदावरच्या माणसासाठी.

असं का होतं? मेंदूत शरीराचा एक नकाशा असतो. हात गेला तरी नकाशातली त्याची जागा पुसली जात नाही. तिच्या शेजारीच चेहऱ्याची जागा आहे, म्हणून गालावर कापूस फिरवला की काहींना अंगठ्याला स्पर्श झाल्यासारखं वाटतं. मेंदू ‘मूठ उघड’ म्हणतो. उघडल्याची खबर परत येतच नाही. मग शेवटची खबर कायम राहत असावी, असा रामचंद्रन यांचा तर्क.

त्यावर त्यांनी साधा आरसा वापरला. धडधाकट हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसतं; तो उघडला की काहींची भासातली मूठही सुटते. २००७ मध्ये पाय गमावलेल्यांवरच्या एका चाचणीत आरशाच्या गटातल्या सहाच्या सहा जणांची वेदना कमी झाली. सहाच माणसं, हे मात्र विसरू नये.

पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं तेही युद्धकाळातच, १९४४ साली. कृत्रिम पायावर चालताना हाच भास उपयोगीही पडू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांचा एक रुग्ण रोज सकाळी मांडीच्या उरलेल्या भागावर चापट्या मारायचा. पाचव्या-सहाव्या चापटीला भासाचा पाय ‘जागा’ व्हायचा. मगच तो कृत्रिम पाय चढवून चालायला लागायचा.