बॉयलरच्या जागी बेस

बर्लिनमधला ‘बेर्गहाइन’ हा जगातल्या सर्वांत गाजलेल्या टेक्नो क्लबांपैकी एक. (टेक्नो म्हणजे यंत्रांवर घडवलेलं, एकसारख्या ठोक्याचं नृत्यसंगीत.) त्याची इमारत मात्र १९५३-५४ मध्ये पूर्व जर्मनीच्या राजवटीत उभी राहिली ती उष्णता आणि वीज पुरवायला. युद्धात बेचिराख झालेल्या भागात नव्या कामगार वसाहती बांधल्या जात होत्या. तिथली घरं हिवाळ्यात उबदार ठेवणं हे या केंद्राचं काम. पुढे केंद्र बंद पडलं, यंत्रं निघाली, इमारत बरीच वर्षं रिकामी राहिली आणि २००४ मध्ये तिथे नाच सुरू झाला. याच मालकांचा आधीचा क्लब, ‘ओस्टगुट’, रेल्वेच्या जुन्या मालगोदामात होता. ते गोदाम पाडायचं ठरलं, म्हणून ही मंडळी बिऱ्हाड घेऊन इकडे आली.

अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. बर्लिनचाच ‘ट्रेझॉर’ २००७ पासून एका बंद वीजकेंद्रात आहे. लंडनचा ‘हेवन’ चेरिंग क्रॉस स्टेशनखालच्या विटांच्या कमानींमध्ये, तर ‘फॅब्रिक’ मांसबाजारालगतच्या जुन्या शीतगृहात. मँचेस्टरचा ‘डेपो मेफिल्ड’ म्हणजे तर अख्खं रेल्वे स्टेशन: १९१० मध्ये सुरू झालेलं, १९६० मध्ये प्रवाशांना बंद झालेलं आणि नंतर १९८६ पर्यंत नुसती पार्सलं हाताळणारं.

हे का झालं, याचं सरळ उत्तर भाड्यात आहे. उद्योग गेलेल्या शहरात अशा जागा कवडीमोलाने मिळत आणि रात्री आसपास कुणी झोपलेलं नसे. गंजलेल्या तुळयांच्या सौंदर्याचं कौतुक नंतरचं. पण आणखी एक कारण आहे आणि ते भौतिकशास्त्राचं आहे. अवजड यंत्राला जशी जागा लागते, तिचं आणि बेसला, म्हणजे संगीतातल्या अगदी खालच्या पट्टीच्या आवाजाला, मानवणाऱ्या जागेचं गणित बरंचसं जुळतं. बरंचसं, पूर्ण नाही. जिथे जुळत नाही तिथेच सगळा खेळ आहे.

हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. झांजेच्या किणकिणाटातली १०,००० हर्ट्झची लहर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर लांब असते. टेक्नोत ज्या ठोक्यावर पाय पडतात त्या किक ड्रमचा गाभा ५०-६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तिथे एक लहर सहा-सात मीटरची होते. म्हणजे आपल्या दिवाणखान्यापेक्षा लांब! एवढी लहर लहान खोलीत भिंतींवरून उलटसुलट आपटते, स्वतःलाच कुठे छेदते, कुठे दुप्पट करते. म्हणून घरी मोठे स्पीकर आणले की सोफ्यावर बेस गायब आणि कोपऱ्यात नुसती घुमघुम, असा अनुभव येतो. दोष स्पीकरचा नसतो. कुठल्या कंपनसंख्येच्या खाली खोली असा खडबडीतपणा करणार, याचं एक सूत्र जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मानफ्रेड श्रोडर यांच्या नावाने ओळखलं जातं. साध्या दिवाणखान्यासाठी ही सीमा २०० हर्ट्झच्या जवळपास येते, म्हणजे सगळा बेस तिच्या खालीच सापडतो. आता ५० मीटर लांब, २२ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच असं दालन घ्या. (बेर्गहाइनच्या मुख्य दालनाची उंची १८ मीटर सांगतात, बाकीची मापं माझ्या मनची.) इथे ती सीमा २५ ते ४० हर्ट्झपर्यंत उतरते. ठोका दालनभर बऱ्यापैकी सारखा पोचतो. टर्बाइन आणि बॉयलर मावावेत म्हणून ठेवलेली उंची अशी कामी येते.

इथवर सगळं छान. आता त्याच दालनात टाळी वाजवा.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह १८९५ मध्ये अगदी बिनकामाचं ठरलं होतं. वक्त्याचा शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. पुढची दहा-पंधरा अक्षरं आधीच्या अक्षरांवर चढायची. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकावर हे निस्तरायची जबाबदारी आली. रात्री रस्ते शांत झाले की तो शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून अंथरायचा, ऑर्गनच्या नळीचा सूर वाजवून बंद करायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. पहाटेपूर्वी गाद्या परत जागेवर. यातून निघालेला नियम आजही वापरात आहे: घुमण्याचा काळ (आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारा वेळ) दालनाच्या घनफळाबरोबर वाढतो आणि आतल्या एकूण शोषणाबरोबर घटतो. शोषण मोजायला त्याने घेतलेलं एककही झकास होतं, उघडी खिडकी. तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शोषण शंभर टक्के.

आपल्या काल्पनिक दालनाला हा नियम लावू. काँक्रीट आणि वीट आवाज जवळपास सगळाच परत फेकतात. रिकाम्या दालनात आवाज दहा सेकंदांहून जास्त रेंगाळेल. १,५०० माणसं आत आली की मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज त्यांचे कपडे आणि शरीरं शोषतात आणि घुमण्याचा काळ तीन सेकंदांवर येतो. पण उभी गर्दी बेसला फारशी दाद देत नाही; मधल्या-वरच्या पट्टीच्या मानाने तिचं शोषण पाच-सहा पटींनी कमी भरतं. बेस आठेक सेकंद घुमतच राहतो. टेक्नोची गती मिनिटाला १३० ठोके धरली तर दोन ठोक्यांत ०.४६ सेकंदाचं अंतर पडतं. तेवढ्या वेळात आधीचा ठोका जेमतेम साडेतीन डेसिबलने उतरलेला असतो, म्हणजे जवळपास आहे तिथेच. पुढचा त्याच्यावर येऊन बसतो, तिसरा त्या दोघांवर. ऐकणाऱ्याला ठोका लागत नाही, नुसता गडगडाट ऐकू येतो. घुमण्याचा काळ सव्वा सेकंदावर आणला तर तेवढ्याच अंतरात आवाज २२ डेसिबलने पडतो आणि प्रत्येक ठोका सुटा उमटतो.

ऑर्केस्ट्राच्या सभागृहात बेस थोडा जास्त रेंगाळला तर ते श्रीमंतीचं लक्षण समजतात. स्पीकरवरच्या संगीताचा हिशेब उलटा आहे. डेन्मार्कमधल्या २० रॉक संगीतगृहांची मोजमापं नील्स अ‍ॅडेलमन-लार्सन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केली. वादकांनी आणि ध्वनितंत्रज्ञांनी ज्यांना वरचे गुण दिले त्या सभागृहांत खालच्या पट्टीतला, १२५ हर्ट्झच्या आसपासचा घुमण्याचा काळ आखूड होता.

मग तो आखूड करायचा कसा? पडदे लावून? स्पंजासारख्या सच्छिद्र वस्तूला लहर नीट शोषायची तर भिंतीपासून लहरीच्या पावपट जाडी लागते. ६० हर्ट्झसाठी ती जवळपास १.४ मीटर होते. पडद्याने वरची किणकिण तेवढी मरते आणि बेस उलट एकटाच उघडा पडतो. जाणकार वेगळा मार्ग धरतात: भिंतीपासून अंतर सोडून पातळ फळ्या बसवायच्या. मागच्या कोंडलेल्या हवेवर त्या बेसबरोबर थरथरतात आणि ध्वनीची ऊर्जा घर्षणात, म्हणजे अखेर उष्णतेत, जिरते. दुसरा उपाय आवाज भिंतीपर्यंत कमीत कमी जाऊ देण्याचा. स्पीकर नाचण्याच्या चौकाभोवती उभे करून आत, गर्दीकडे रोखतात. बेसच्या स्पीकरमागे आणखी एक स्पीकर उलट्या कलेने (एकाचा पडदा पुढे तेव्हा दुसऱ्याचा मागे) आणि किंचित उशिराने चालवला की मागच्या बाजूला दोघांच्या लहरी एकमेकींना खोडतात.

मँचेस्टरच्या ‘हासिएंडा’ला हे साधलं नाही. २१ मे १९८२ रोजी उघडलेला हा क्लब नौकांच्या जुन्या शोरूममध्ये होता. खांबांवर कारखान्यातले पिवळे-काळे धोक्याचे पट्टे रंगवलेले, सजावट आजही वाखाणली जाते. आवाज मात्र वाईट, ही तक्रार अखेरपर्यंत राहिली. १९९७ मध्ये तो बंद पडला. त्याच १९८२ सालच्या १८ जानेवारीला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला होता. कापसावर वाढलेल्या या दोन शहरांपैकी एकाने क्लब उघडला तेव्हा दुसऱ्याचे भोंगे गप्प होत होते.

परळच्या बंद गिरण्यांतही पुढे क्लब आले, पण कितीतरी महाग दराने. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ उघडला तो मात्र अपवाद म्हणावा असा, आधी संगीताचा विचार करून. वेगवेगळ्या उंचीवरच्या गोल बैठका मंचाभोवती नाट्यगृहासारख्या मांडलेल्या होत्या. गिरणीच्या करवतीदात्यांच्या छपराबद्दलही सांगायला हवं. उत्तरेचा सौम्य उजेड मागावर पडावा म्हणून ते तसं असतं. तिरक्या पृष्ठांमुळे छप्पर जमिनीला समांतर राहत नाही आणि दोन्हींमध्ये पुन्हा पुन्हा आपटणाऱ्या आवाजाची फडफडती प्रतिध्वनिमाला तुटते. पत्र्याच्या छपरातून बेस बाहेर पळतो, त्यामुळे आत ठोका सुटा ऐकू येतो. सॅबाइनची उघडी खिडकी ती हीच. शेजाऱ्यांना विचारलं तर ते वेगळं सांगतील.

घुमणं मारायच्या नादात एक भयंकर चूक जगभर झाली आहे. पॉलियुरेथेन फोम स्वस्त असतो, हलका असतो, चिकटवायला सोपा असतो. तो पेटला की मिनिटभरात दालन काळ्या धुराने भरतं आणि त्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइड असतं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडला २००३ मध्ये एका क्लबात १०० माणसं गेली, ब्राझीलमध्ये सांता मारिया इथे २०१३ मध्ये २४२. दोन्हीकडे भिंती-छतावर फोम होता आणि दोन्हीकडे ठिणगी मंचावरच्या आतषबाजीची होती. न जळणारी रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, मिळत असताना हे झालं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये एका गोदामात डिसेंबर २०१६ मध्ये आगीत ३६ जण मेले. तिथे वरच्या मजल्यावरून उतरायला धड वाट नव्हती. गोदामाला बाहेर पडायच्या वाटा मालाच्या हिशेबाने असतात, माणसांच्या नाही.

२९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात आगीत १४ जणांचा जीव गेला, तेव्हा ‘जुन्या गिरण्या धोकादायक’ असा सूर निघाला. मला तो पटत नाही. आग गच्चीवर नंतर चढवलेल्या ज्वलनशील आच्छादनांत भडकली. गिरणीच्या विटा जळल्या नाहीत.

विटांची जाड भिंत आणखी एक काम करते. भिंतीचं वजन दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबल जास्त अडतो. कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढाच कमी अडतो. म्हणून क्लबाबाहेरच्या रस्त्यावर गाणं ऐकू येत नाही, नुसतं धप-धप येतं. पूर्वी रस्त्यापलीकडे दुसरं गोदाम असायचं, आता महागडे फ्लॅट असतात, आणि कित्येकदा क्लबामुळे भागाला आलेल्या झळाळीवरच विकले गेलेले असतात. फ्लॅट आधी की क्लब आधी, या भांडणात इंग्लंडच्या नियोजन धोरणाने २०१८ मध्ये बाजू घेतली: जो नंतर आला त्याने आवाज अडवायचा खर्च करायचा. बिल्डरला दुहेरी काच बसवून भागत नाही. ६० हर्ट्झ अडवायला काचेचं वजन आणि दोन काचांमधली पोकळी भरपूर वाढवावी लागते आणि शयनगृहाच्या खिडक्या क्लबाच्या उलट्या बाजूला फिरवाव्या लागतात. नकाशा कागदावर असतानाच हे करता येतं.