गिअरलेस स्कूटरची बेल्ट-यंत्रणा : देखभाल व दोषनिदान

गिअरलेस स्कूटरमध्ये इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत पोहोचवणारा पुली, व्ही-बेल्ट, केंद्रोत्सारी क्लच आणि अंतिम गिअरपेटी यांचा संच डाव्या बाजूच्या लांबट आवरणाखाली बसवलेला असतो. या संचाला बेल्ट-यंत्रणा म्हणतात. तिच्यात चालकाने बदलायचे गिअर नसतात, कारण वेगाचे गुणोत्तर पुलीचा व्यास कमी-अधिक होऊन आपोआप आणि अखंडपणे बदलत राहते. या तत्त्वावर चालणारी मोटारगाडी नेदर्लंड्समधील डाफ कंपनीने ह्यूबर्ट व्हान डोर्न यांच्या रचनेनुसार १९५८ मध्ये पुढे आणली. भारतात गिअरलेस स्कूटरचा प्रसार १९८४ मध्ये आलेल्या किनेटिक होंडापासून सुरू झाला आणि २००० नंतर अ‍ॅक्टिव्हाच्या वर्गातील गाड्यांनी ती घरोघर पोहोचवली. सोलापुरात आज शाळा, दवाखाना, विडी कारखाना आणि चादरी-टॉवेलांचा व्यापार अशा सगळ्या कामांना हीच गाडी धावते, त्यामुळे तिच्या बेल्ट-यंत्रणेची जाण ही मेस्त्रीइतकीच गाडीवाल्याच्याही उपयोगाची आहे.

इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर (मुख्य फिरत्या दांड्यावर) पुढची पुली, म्हणजे व्हेरिएटर असतो. तिची एक बाजू स्थिर व दुसरी सरकती असते, आणि सरकत्या बाजूच्या मागे उतरत्या खाचांमध्ये रोलर (लहान दंडगोल वजने) ठेवलेले असतात. १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांत ते बहुधा सहा असतात. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर केंद्रापासून बाहेर फेकले जातात आणि सरकत्या बाजूला आत ढकलतात. तेव्हा बेल्ट पुढच्या पुलीवर वर चढतो आणि मागच्या पुलीत, तिथल्या मोठ्या स्प्रिंगला दाबत, खाली उतरतो. मागच्या पुलीला तिरक्या खाचा व पिना असतात. चढ लागून चाकावर ताण आला की त्या पुलीच्या बाजू जवळ आणतात, बेल्ट पुन्हा बाहेर येतो आणि गाडीला जोर मिळतो. सोलापूरहून तुळजापूरला जाताना घाट सुरू झाला की इंजिनाचा आवाज आपोआप चढतो, तो याच हालचालीमुळे. क्लच मागच्या पुलीला जोडलेला असतो. ठरावीक फेऱ्यांच्या खाली त्याचे तीन शू (घर्षणाचे अस्तर लावलेले तुकडे) स्प्रिंगांनी आत ओढलेले राहतात, म्हणून इंजिन चालू असतानाही गाडी उभी राहते. रेस दिली की शू बाहेर पसरून क्लच ड्रमला, म्हणजे भोवतीच्या वाटीला, धरतात.

कंपनीच्या पुस्तिकेत बेल्ट तपासण्याचे आणि बदलण्याचे अंतर दिलेले असते. बऱ्याच गाड्यांत बेल्ट वीस ते पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास बदलला जातो, मात्र आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतील आकडाच प्रमाण मानावा. सोलापूरसारख्या गावात त्या आकड्यापर्यंत निर्धास्त राहणे मात्र योग्य नाही. बेल्टचा शत्रू उष्णता आहे. पुढच्या पुलीच्या स्थिर बाजूवर पंख्याची पाती असतात, ती एका नळीतून व फोमच्या गाळणीतून बाहेरची हवा ओढून बेल्टची पेटी, म्हणजे आवरणाखालची जागा, थंड ठेवतात. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर गेला की ती हवाच तापलेली असते. काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ गाळणीत बसते आणि जी आत शिरते ती बेल्टच्या भुकटीत मिसळून पुलीचे गुळगुळीत पृष्ठ घासत राहते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या शेडशेजारी रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या गाळणीवर सुताची तूसही साचते. ही गाळणी काढून झटकणे वा, पुस्तिकेत तशी मुभा असल्यास, धुऊन पूर्ण वाळवून बसवणे हे बेल्ट-यंत्रणेच्या देखभालीतील सर्वांत स्वस्त काम आहे आणि तेच बहुतेक सर्व्हिसिंगमध्ये राहून जाते.

गाडी कोणत्या रस्त्यावर चालते यानेही झिजेची जागा बदलते. नव्या पेठेतल्या गर्दीत, सात रस्त्याच्या सिग्नलवर किंवा जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. तेव्हा क्लचचे शू ड्रमला पूर्ण धरतही नाहीत आणि सोडतही नाहीत, ते घसरत तापत राहतात. पायाशी चादरींचा गठ्ठा आणि मागे माणूस असेल तर ही उष्णता आणखी वाढते. याउलट अक्कलकोटच्या सुमारे चाळीस किलोमीटरच्या सपाट रस्त्यावर क्लचला विश्रांती मिळते, पण तासभर एकाच वेगाने चालल्यामुळे बेल्ट पुलीच्या एकाच वर्तुळावर घासतो आणि तिथे नखाला जाणवेल अशी कड पडू शकते. चढावर ब्रेक न धरता रेसच्या जोरावर गाडी तोलून धरणे, किंवा ब्रेक आणि रेस एकाच वेळी वापरणे, या दोन सवयी क्लचला जितक्या मारक आहेत तितके दुसरे काही नाही.

आवरण उघडल्यावर आधी साफसफाई न करता नीट पाहावे, कारण आतली घाणच दोष सांगते. कोरडी काळी भुकटी थोडी असणे स्वाभाविक आहे. ती फार असेल तर बेल्ट घसरतो आहे किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. भुकटी ओलसर, चिकट असेल तर क्रँकशाफ्टचे वा गिअरपेटीचे ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गेले आहे, किंवा मागच्या पुलीतले ग्रीस बाहेर फेकले जात आहे. अशा वेळी नवा बेल्ट टाकून उपयोग होत नाही, तोही काही दिवसांत घसरू लागतो. बेल्ट काढून उलटा वाकवला की आतल्या दात्यांच्या बुडाशी पडलेल्या भेगा उघड्या होतात. कडेचे दोरे सुटलेले, बाजू काचेसारख्या चकाकणाऱ्या किंवा रुंदी पुस्तिकेतल्या मर्यादेपेक्षा कमी असेल तर बेल्ट बदलावा. रुंदी व्हर्निअर या मोजमापाच्या साधनानेच मोजावी. डोळ्यांना बेल्ट नव्यासारखा दिसतो, पण एखादा मिलिमीटर कमी झाला तरी तो पुढच्या पुलीवर पूर्ण चढत नाही आणि गाडीचा वरचा वेग हरवतो. रोलर बोटांत फिरवून पाहावेत. गोलाईवर सपाट पट्टा पडलेला रोलर खाचेत फिरण्याऐवजी खरडत जातो. एक जरी तसा निघाला तरी संपूर्ण संच बदलणे योग्य ठरते.

रोलरच्या वजनाबाबत सोलापूरच्या बाजारात प्रयोग करण्याची हौस दिसते, म्हणून दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. हलके रोलर टाकले की बेल्ट उशिरा वर चढतो, पिकअप चांगला वाटतो, पण इंजिन सतत जास्त फेऱ्यांवर चालते आणि अ‍ॅव्हरेज पडते. जड रोलरने उलटे होते, गाडी शांत धावते पण माल घेऊन उचलत नाही. कंपनीने दिलेले वजन हेच रोजच्या वापरासाठी सर्वांत सोयीचे असते. बहुतेक गाड्यांत रोलर कोरडेच बसवायचे असतात, पुस्तिकेत स्पष्ट सांगितले असेल तरच ग्रीस लावावे.

दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान होते ते जोडणीच्या वेळी. नवा बेल्ट चढवताना मागच्या पुलीच्या दोन बाजू हाताने फाकवून बेल्ट तिच्या तळाशी खोल दाबावा लागतो, त्यामुळे पुढच्या बाजूला बेल्ट सैल होतो आणि पुलीची स्थिर बाजू मधल्या बॉसला (शाफ्टवरच्या नळीला) टेकेपर्यंत आत जाते. हे न करता नट आवळला तर बेल्ट दोन बाजूंमध्ये चिमटला जातो आणि नट पुलीवर नव्हे, बेल्टवर घट्ट होतो. बाहेरून सगळे ठीक दिसते. इंजिन चालू होताच बेल्ट जागेवर येतो, नट ढिला पडतो आणि काही दिवसांत पुली शाफ्टचे दाते खाते. त्यानंतरचा खर्च बेल्टच्या अनेक पट असतो. नट आवळल्यावर पुढची पुली हाताने फिरवून बेल्ट मोकळा हलतो का हे पाहिल्याशिवाय आवरण लावू नये. पुली रोखण्यासाठी होल्डर वापरावा. पंख्याच्या पात्यांत स्क्रू-ड्रायव्हर अडकवला की पाते तुटते आणि पेटीची हवाच कमी होते. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा, आणि पुलीला तेलकट हात लावू नये. मागच्या क्लचचा मोठा नट काढताना आतली स्प्रिंग दाबलेली असते, ती धरून न ठेवता नट सोडला तर क्लच उसळून इजा होते.

लक्षणांवरून दोष ओळखताना पहिला प्रश्न असा विचारावा, की इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग एकमेकांबरोबर वाढतात का. रेस वाढते पण गाडी ओढत नाही, असे असेल तर बेल्ट वा क्लच घसरतो आहे. रेसच वाढत नसेल तर बेल्टची पेटी उघडण्याआधी एअर फिल्टर, प्लग आणि इंधन पाहावे. या एका भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने बेल्टच्या दोषासाठी इंजिन खोलल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतात. सुटताना गाडी थरथरत असेल तर क्लचचे शू चकाकलेले असतात किंवा ड्रमवर निळसर डाग पडलेले असतात. शूचे अस्तर पुरेसे जाड असेल तर पॉलिश पेपरने ती चकाकी काढून भागते. घासताना निघालेली भुकटी हवेच्या झोताने उडवू नये, नाकाला रुमाल नव्हे तर मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावी. रेस न देता गाडी पुढे सरकत असेल तर आधी आयडल फेरे (रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचे फेरे) तपासावेत आणि मग क्लचच्या लहान स्प्रिंगा. मेन स्टँडवर चाक हळू फिरणे मात्र दोष नाही. उभ्या गाडीत खडखड ऐकू येऊन रेस देताच थांबत असेल तर व्हेरिएटरमधले सरकते प्लास्टिकचे तुकडे झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते. पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर बेल्ट घसरला तर गाडी थोडा वेळ उभी करून पेटी वाळू द्यावी, पण चिखल आत गेला असेल तर उघडून पुसल्याखेरीज पर्याय नाही.

वेगाबरोबर वाढणारा घुमल्यासारखा आवाज बेल्टचा नसून गिअरपेटीतील बेअरिंगचा असतो. तिचे तेल इंजिन ऑइलपासून वेगळे असते आणि बऱ्याच ११० सीसी गाड्यांत ते जेमतेम १०० ते १२० मिली लागते. इतके थोडे तेल गळून गेले तरी खाली डाग फारसा दिसत नाही, म्हणून इंजिन ऑइल बदलताना याचीही पातळी पाहण्याचा आग्रह गाडीवाल्यानेच धरावा.

बेल्ट तुटला की इंजिन चालू राहते पण गाडी जागची हलत नाही. तेव्हा पुन्हा पुन्हा सेल्फ वा किक मारू नये, कारण तुटलेले दोरे शाफ्टभोवती गुंडाळले जातात, आणि अनेक गाड्यांत किकचे दातेही याच आवरणात असल्याने ते मोडतात. चाक मोकळे फिरत असेल तर गाडी ढकलत नेता येते. पेटीतला प्रत्येक तुकडा आणि दोरा वेचून काढल्यावर, तसेच पुल्या, सील व बेअरिंग पाहिल्यावरच नवा बेल्ट बसवावा.