हायब्रिड मोटारींच्या रूपांतरणातील लिथियम बॅटरी चार्जर

हायब्रिड मोटारीत जास्त क्षमतेची बॅटरी बसवून ती घरच्या विजेवर चार्ज करता येईल अशी सोय केली, की त्या मोटारीचे प्लग-इन रूपांतरण झाले असे म्हणतात. सॉकेटमधील प्रत्यावर्ती (एसी) वीज घेऊन बॅटरीला हव्या त्या दाबाचा (व्होल्टेजचा) आणि मोजक्या प्रवाहाचा एकदिश (डीसी) पुरवठा करणारे उपकरण म्हणजे चार्जर. अशा मोटारीच्या मूळ रचनेत चार्जरला जागाच नसते, कारण तिची बॅटरी इंजिन आणि ब्रेक यांच्यापासूनच चार्ज होत असते. त्यामुळे चार्जर हा रूपांतरणातला पूर्णपणे नव्याने आणावा लागणारा भाग ठरतो.

या कामाची सुरुवात टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीवर झाली. तिची मूळ निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी २०१.६ व्होल्ट आणि ६.५ अँपिअर-तास क्षमतेची, म्हणजे जेमतेम १.३ किलोवॅट-तासांची होती. २००४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया कार्स इनिशिएटिव्ह या संस्थेच्या फेलिक्स क्रेमर आणि रॉन ग्रेम्बन यांनी लेड-ॲसिड बॅटऱ्या बसवून प्रियसचे पहिले प्लग-इन रूपांतरण केले. लिथियम बॅटऱ्या त्यानंतर आल्या, आणि हायमोशन या कंपनीच्या रूपांतरण संचात ती क्षमता सुमारे ५ किलोवॅट-तासांची होती. महाराष्ट्रात पुण्याच्या केपीआयटी कमिन्स कंपनीने २०१० मध्ये रेव्होलो नावाचा प्लग-इन हायब्रिड संच सादर केला होता.

लेड-ॲसिड बॅटरी थोडी जास्त चार्ज झाली तर पाणी उडते, पण बॅटरी तगते. लिथियम सेलला, म्हणजे बॅटरीतल्या एकेका घटाला, हे खपत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट सेलची वरची मर्यादा ३.६५ व्होल्ट असते. चार्जिंगचा बराचसा काळ सेल ३.३ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो आणि अगदी शेवटच्या टप्प्यात त्याचा दाब एकदम चढतो. समजा, ६४ सेल एकापुढे एक जोडले आहेत. चार्जर फक्त एकूण दाब पाहत असेल, तर तो ६४ × ३.६५, म्हणजे २३३.६ व्होल्ट गाठेपर्यंत पूर्ण प्रवाह देत राहील. आता त्यातला एक सेल आधीच भरला असून ३.९ व्होल्टवर पोचला आहे आणि उरलेले ६३ अजून ३.४ व्होल्टवर आहेत असे धरले, तर एकूण बेरीज २१८.१ व्होल्टच भरते. चार्जरच्या लेखी बॅटरी भरायला अजून अवकाश आहे. तो एक सेल मात्र बिघडू लागलेला असतो. म्हणूनच चार्जरची सूत्रे एकूण दाबाच्या नव्हे, तर सर्वांत वर गेलेल्या सेलच्या हाती असली पाहिजेत. प्रत्येक सेल मोजणारी बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा आणि चार्जर या दोन वेगळ्या वस्तू समजून विकत घेतल्या आणि त्यांच्यात बोलणेच होत नसेल, तर दोन्ही कितीही महाग असल्या तरी उपयोग नाही.

सगळे सेल समपातळीवर, म्हणजे सारखेच भरलेले, आणण्याच्या कामातही हेच नाते लागते. भरलेल्या सेलच्या दोन टोकांना ७.२ ओहमचा रोधक (रेझिस्टर) जोडला, तर ३.६ व्होल्टला त्यातून अर्धा अँपिअर बाजूला वळतो आणि रोधकात १.८ वॅट उष्णता होते. ६४ सेलचे मिळून ही उष्णता सुमारे ११५ वॅट, म्हणजे जुन्या शंभर वॅटच्या दिव्याहून जास्त. चार्जर सहा अँपिअर देत असेल तर हा अर्धा अँपिअर कुठेच पुरत नाही. पहिला सेल वर पोचताक्षणी चार्जरने प्रवाह अर्ध्या अँपिअरपर्यंत खाली आणावा लागतो. सेलमधला एक अँपिअर-तासाचा फरक भरून काढायला मग दोन तास लागतात.

हायब्रिडची खरी अडचण पुढे आहे. समपातळी साधायची तर बॅटरी जवळपास पूर्ण भरावी लागते. पण पूर्ण भरलेली बॅटरी घेऊन मोटार निघाली आणि लगेच उतार लागला, तर ब्रेकमधून येणारी वीज ठेवायला जागा उरत नाही. त्यामुळे रोजचे चार्जिंग थोडे आधी थांबवणे आणि मोटार दीर्घकाळ उभी राहणार असेल तेव्हाच पूर्ण भरून समपातळी साधणे हा मार्ग अधिक शहाणपणाचा दिसतो.

सॉकेटकडची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अमेरिकेतील १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या सॉकेटमधून सलग कित्येक तास १२ अँपिअरच घेता येतात, म्हणजे १,४४० वॅट. चार्जरची कार्यक्षमता ९० टक्के असेल तर ५ किलोवॅट-तासांची बॅटरी सुमारे चार तासांत भरते. एसीची डीसी करणाऱ्या साध्या रेक्टिफायरच्या चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतल्या प्रवाहाचा प्रत्यक्ष कामी येणारा वाटा, ०.६५ च्या आसपास असला, तर त्याच तारेतून ९३६ वॅटच मिळतात आणि वेळ सहा तासांकडे सरकतो. पॉवर फॅक्टर सुधारणारे बूस्ट मंडल दाब फक्त वाढवू शकते. १२० व्होल्टच्या विजेचा शिखरदाब, म्हणजे प्रत्येक आवर्तनातला सर्वोच्च दाब, १७० व्होल्ट असल्याने वरच्या ६४ सेलच्या सुमारे २०५ व्होल्टच्या बॅटरीला ते चालते. भारतातील २३० व्होल्टचा शिखरदाब ३२५ व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्याही वर. तिथे दाब उतरवणारा टप्पा जोडणे भाग पडते. तो टप्पा उच्च-वारंवारतेच्या ट्रान्सफॉर्मरचा केला तर बॅटरी घरच्या विजेपासून विद्युतदृष्ट्या विलगही होते, आणि तो खर्च वाचवू नये. प्रियसची बॅटरी मोटारीच्या सांगाड्यापासून मुद्दाम अलग ठेवलेली असते. विलगीकरण नसलेला चार्जर ती अलगता मोडून टाकतो, आणि पावसात ओल्या बोनेटला हात लावणाऱ्याचा जीव मग केवळ गळती-संरक्षक स्विचवर विसंबून राहतो.

चार्जर डिकीत बसवला जात असल्याने धूळ, धक्के आणि उष्णता हे तिन्ही त्याला सोसावे लागतात. दर दहा अंश तापमानवाढीला त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या वीज साठवणाऱ्या घटकाचे आयुष्य साधारण निम्मे होते. बॅटरीचे तापमान शून्य अंशाखाली असताना चार्जरने सुरूच होऊ नये, कारण थंड सेलमध्ये धातुरूप लिथियमचा थर साचतो आणि तो पूर्णपणे परत विरघळत नाही. प्लग लावलेला असताना मोटार चालू होऊ न देणारी कळही याच उपकरणाशी जोडलेली असते.